रेनोचा दाखला

वेनाची, वॉशिंग्टन
४ मार्च २०१५

प्रिय आयली,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. तुझा नवरा आर्विड गेला तेव्हा तुला कार्ड पाठवलं होतं, त्याला नऊ वर्षं झाली. मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. सफरचंदांच्या बागांमधली यंत्रं दुरुस्त करत होतो, आता तेही बंद केलंय. थोडा खोकला आहे. फोन करत नाही, कारण दोन वाक्यांत धाप लागते, आणि तू मला दोन वाक्यं कधी बोलू दिली आहेस?

काम आहे म्हणून लिहितोय.

खोकल्यासाठी मी माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो होतो. खिडकीतल्या बाईने माझा सैन्यातून सुटल्याचा दाखला मागितला. मी दिला. तिने वाचला आणि कागद उलटा फिरवून माझ्याकडे सरकवला. वाईट नव्हती बाई. कागदावरचा शब्द मला पुन्हा मोठ्याने ऐकवावा लागू नये म्हणून तिने तसं केलं असावं. शब्द तुला माहीत आहे. ‘नकोसा’. सैन्याने मला सोडताना तोच शेरा मारला होता. वर्षभर व्हिएतनाममध्ये होतो ते कुठेच मोजलं गेलं नाही. नंतर छावणीतून त्रेसष्ट दिवस गैरहजर राहिलो, तेवढंच मोजलं गेलं.

इथे फुकट काम करणारी एक वकील आहे, मिस डेल्गाडो. तुझ्या कॅरनपेक्षा वयाने लहान. ती म्हणते की आता शेरा बदलून मागता येतो. सैन्याचं एक मंडळ आहे, त्याच्याकडे अर्ज करायचा. पुरावा हवा. म्हणून दोन गोष्टी पाहिजेत. मी तिकडून लिहिलेली पत्रं आईने ठेवली असतील तर ती पाठव. आणि एक निवेदन लिहून दे, की आई आजारी होती म्हणून मी छावणी सोडून घरी आलो होतो. एवढंच. चार ओळी पुरेत.

दुसऱ्या कोणाला मागितलं असतं, पण तिथे दुसरं कोण उरलंय? आणि असतं तरी, पोटच्या पोराला पकडून न्यायला शेरीफला फोन करणाऱ्या माणसाकडे मी काही मागितलं नसतं.

तुझा भाऊ,
रेनो

---

अल्डर क्रीक, मिशिगन
१९ मार्च २०१५

प्रिय रेनो,

जिवंत आहेस तर! कार्डानंतर नऊ वर्षं गप्प, आणि आता म्हणे काम आहे. मी पाकीट फोडायच्या आधीच कॅरनला म्हटलं, याला काहीतरी हवं असणार. ती म्हणाली, आई, निदान वाच तरी. ती शाळेत मुख्याध्यापिका झाली आहे, तेव्हापासून माझ्याशीही तसंच बोलते.

पत्रं सापडली. आईने कॉफीच्या डब्यात ठेवली होती. एकूण अकरा आहेत, सगळी या पाकिटात घातली आहेत. पण तुझ्या वकीलबाईंना त्यांचा काय उपयोग होणार? मी काल सगळी पुन्हा वाचली. ऊन फार आहे, जेवण बरं आहे, आईला सांग काळजी करू नको, बाबांना सांग इथली माती आपल्या खाणीसारखीच लाल आहे. अकराच्या अकरा पत्रांत हेच. तेव्हा वाचताना आम्हाला वाटायचं, चला, पोरगं मजेत आहे.

निवेदनही लिहिलंय. तू म्हणालास तसंच. आई आजारी होती म्हणून आला, आईची सेवा केली. चार ओळींच्या पाच झाल्या, मला कमी लिहिता येत नाही.

खोकल्याला मध आणि गरम पाणी घे. आणि डोक्यावर टोपी घालत जा. अजूनही इथे कमरेएवढा बर्फ आहे. गेल्या आठवड्यात सॉनाच्या न्हाणीघराचं छप्पर साफ करायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं, नाहीतर वाकलंच असतं.

बाबांबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्यांना जाऊन बत्तीस वर्षं झाली, रेनो. जाऊ दे.

तुझी,
आयली

---

वेनाची
२७ एप्रिल २०१५

आयली,

पत्रं मिळाली. तू म्हणतेस ते खरं आहे, ती कोणी दुसऱ्यानेच लिहिल्यासारखी वाटतात.

निवेदन परत पाठवतोय. डेल्गाडोने आईच्या इस्पितळाचे कागद मागवले. आई आजारी पडली ती १९७२ मध्ये. मी घरी आलो १९७० च्या नोव्हेंबरात. डेल्गाडोने दोन्ही तारखांखाली रेघ ओढली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मिस्टर कांगास, मंडळापुढे एक खोटं पकडलं गेलं की तुमची शंभर खरी वाक्यंही गेली.”

मी मुद्दाम खोटं बोललो नाही, हे तुला सांगतो. इतकी वर्षं लोकांना तेच सांगत आलो, आणि शेवटी मलाही तसंच झालं होतं असं वाटायला लागलं. खरं म्हणजे मी का आलो ते मला आठवत नाही. आल्यावर काय केलं तेही नाही. सॉनाच्या खोलीत झोपायचो ते आठवतं. भिंतीच्या फळ्यांचा वास आठवतो. आणि शेवटचा दिवस. शेरीफची गाडी, माझ्या हातात बेड्या, आणि पायरीवर उभे असलेले बाबा. मी विचारलं, “तुम्ही फोन केलात?” ते म्हणाले, “हो.” खाली बर्फाकडे बघत म्हणाले. माझ्याकडे बघायचंही धाडस नव्हतं.

तिथून मला छावणीत नेलं. एका कारकुनाने दोन कागद पुढे ठेवले. खटल्याला उभा राहा, नाहीतर इथे सही कर आणि दहा दिवसांत मोकळा हो. मी न वाचताच सही केली.

डेल्गाडो म्हणते, आता नवा नियम आहे. लढाईमुळे माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं दाखवता आलं, तर मंडळाला सहानुभूतीने विचार करावा लागतो. पण ते तेव्हाचं दाखवावं लागतं. आजचा डॉक्टर आजचं सांगणार. तेव्हा मला रोज बघणारं, अजून जिवंत असलेलं माणूस एकच आहे.

त्या त्रेसष्ट दिवसांत मी काय करत होतो, आयली?

रेनो

---

अल्डर क्रीक
१६ मे २०१५

प्रिय रेनो,

काय करणार होतास? दमला होतास. झोपायचास, जेवायचास. बाबांना बर्फ उपसायला मदत करायचास. गप्प असायचास, पण तू लहानपणापासूनच गप्प. आम्हाला कोणालाही काही वेगळं वाटलं नाही.

तसं लिहून देते, चालेल का?

इथे बर्फ गेला एकदाचा. बटाटे लावायचे आहेत. कॅरनने वेलदोड्याचा पाव केला होता, आईसारखा नाही जमला, पण तिला तसं सांगायची सोय नाही.

तब्येतीची काळजी घे.

आयली

---

अल्डर क्रीक
११ जून २०१५

रेनो,

काल तुझ्या वकीलबाईंचा फोन आला. गोड बोलते पोरगी. मीही तिला सगळं गोडच सांगितलं. शांत होता, चांगला होता, कोणाला त्रास नव्हता. ती म्हणाली, “मिसेस माकी, तुम्ही भावाची बाजू घेताय असं तुम्हाला वाटतंय, पण शांत आणि चांगला माणूस छावणीतून पळाला तर मंडळ त्याला पळपुटाच म्हणणार.” मी म्हटलं, मला जे आठवतं ते सांगितलं. मग ती म्हणाली, “त्यांच्याकडे वेळ कमी आहे.” मी म्हटलं, कसला वेळ? मला माहीत नाही हे तिला माहीत नव्हतं. मग तिला सांगावंच लागलं.

खोकला म्हणे! फुफ्फुसाचा कर्करोग आणि मला लिहितोस खोकला? मी तुला मध घ्यायला सांगत होते. कॅरनसमोर मी ताटली आपटली, फुटली.

का लपवलंस?

आयली

---

वेनाची
२ जुलै २०१५

आयली,

लपवलं, कारण सांगितलं असतं तर तू दयेपोटी हवं ते लिहून दिलं असतंस. तसं तू न सांगताही दिलंसच. पाच ओळी.

डॉक्टर वर्षभर म्हणतात. औषधोपचार झाले तर थोडं जास्त. इथला खासगी दवाखाना मला परवडत नाही. सैनिकांच्या दवाखान्यात जाण्याची वाट त्या एका शब्दापाशी अडते.

आता ऐक. मागच्या आठवड्यात डेल्गाडोने मला एका मानसोपचार डॉक्टरपुढे बसवलं. त्याच्यापुढे मी एक गोष्ट बोललो, जी पंचेचाळीस वर्षांत कोणाजवळ बोललो नव्हतो. तुलाही सांगतो, म्हणजे मी काही राखून ठेवलं असं तू म्हणणार नाहीस.

तिकडे माझं काम रस्ता तपासायचं होतं. रोज सकाळी ट्रक निघायच्या आधी आम्ही चौघं पुढे चालायचो. हातात सुरुंग शोधायचं यंत्र आणि एक टोकदार सळई. जिथे संशय येईल तिथे गुडघ्यावर बसून सळईने टोचून बघायचं. शेवटी मी हात वर करून ओरडायचो, “रस्ता साफ!” मग ट्रक निघायचे. जूनमधल्या एका सकाळी मी तसाच ओरडलो. पहिला ट्रक गेला, दुसरा गेला. तिसरा उडाला. त्यात चौदा जण होते. मी त्यांना मोजलं, कारण कोणीतरी मोजायला हवं होतं. नंतर पुन्हा मोजलं, कारण आकडा जुळत नव्हता.

मला दोष कोणी दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यंत्र हातात दिलं. आणखी तीन महिने मी रोज “रस्ता साफ” म्हणत होतो.

डॉक्टर म्हणाला, तेव्हा घरी आल्यावर तुम्ही काहीतरी केलं असणारच. कोणीतरी पाहिलं असणार.

लहानपणी पत्ते खेळताना तुझ्या हातात चांगलं पान आलं की तुझे कान लाल व्हायचे. मला इथून दिसत नाहीत, पण वाटतं की लाल आहेत.

रेनो

---

अल्डर क्रीक
८ सप्टेंबर २०१५

रेनो,

दोन महिने गेले. हे पत्र मी सहा वेळा लिहिलं आणि चुलीत घातलं. हे सातवं. आज पोस्टात टाकल्याशिवाय घरी येणार नाही.

मंडळासाठीचं निवेदन दुसऱ्या बंद पाकिटात आहे, नोटरीसमोर सही केलेलं. त्यात आणि या पत्रात एकच गोष्ट आहे. पण तू आधी हे वाच.

तू घरी आलास तेव्हा पहिल्या आठवड्यात खरंच झोपलास. मग एक दिवस पहाटे बाबा खाणीवर जायला ट्रक बाहेर काढायला गेले, तर तू अंगणात उभा. हातात बाबांची लोखंडी पहार. तू म्हणालास, “थांबा, अजून तपासला नाही.” आणि पहारीने बर्फात टोचत टोचत फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलास. मैलभर. बाबा चालण्याच्या वेगाने ट्रक घेऊन तुझ्यामागे. वळणावर पोचल्यावर तू हात वर केलास आणि बाबा गेले.

त्यानंतर रोज. बाबा अर्धा तास आधी उठायला लागले, तुझ्यासाठी. खाणीवर कोणी विचारलं तर म्हणायचे, पोरगा रस्ता मोकळा करतो. आई म्हणायची, डॉक्टरला दाखवू. बाबा म्हणायचे, दमलाय, निवेल. आम्हाला कळत नव्हतं तू काय शोधतोस. तू सांगत नव्हतास, आणि पत्रांत तर नुसतं ऊन.

मग २१ जानेवारी. थंडी शून्याखाली वीस. आम्ही तेव्हा रस्त्यापलीकडे राहत होतो. मी कॅरनला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि आईकडे कॉफीला आले. आणि बाहेर आरडाओरडा ऐकला.

तू बससमोर उभा होतास. ड्रायव्हरला तू कॉलर धरून खाली ओढलं होतंस. तू ओरडत होतास, “साफ म्हटलं नाही! मी साफ म्हटलं नाही!” मुलांना एकेक करून उतरवलंस आणि रस्त्याकडेच्या चरात बर्फात पालथं झोपवलंस. उठायचं नाही, हलायचं नाही. मी धावत आले तर माझ्यावर पहार उगारलीस. तू मला ओळखलं नाहीस. मग तू मुलांना मोजायला लागलास. सतरा होती. तुझा आकडा चौदाच्या पुढे जात नव्हता. चौदाला आलास की परत पहिल्यापासून. बाबा खाणीवरून येईपर्यंत चाळीस मिनिटं मुलं तिथे होती. बाबा आले, त्यांनी बससमोर हात वर केला आणि म्हणाले, “साफ आहे, रेनो. मी बघितलं.” तेव्हा तू पहार खाली टाकलीस.

कॅरन सहा वर्षांची होती. तिचा एक बूट चरात निघून गेला होता. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ती जरा लंगडते ते स्केटिंगमध्ये पडल्यामुळे, असं तुला एका नाताळच्या कार्डात मी लिहिलं होतं. ते खोटं होतं.

आता पुढचं.

शेरीफला फोन बाबांनी केला नाही. मी केला. आईच्या स्वयंपाकघरातून, कॅरनला इस्पितळात सोडून आल्यावर, त्याच दुपारी. मी म्हटलं, माझ्या भावाला डॉक्टर हवाय. तो म्हणाला, छावणीतून आलाय का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, आम्ही बघतो. मला वाटलं डॉक्टर घेऊन येतील. देवाशप्पथ, रेनो, मला तसंच वाटलं. आणि तसं वाटलं नसतं तरी मी फोन केला असता, हेही लिहिते. मला तुझी भीती वाटत होती. मी तुला माझ्या पोरीजवळ पुन्हा येऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बेड्या घेऊन आले. तू बाबांना विचारलंस तेव्हा मी खिडकीमागे उभी होते. मला बाहेर येऊन सांगता आलं असतं. तीन पावलं होती. बाबा “हो” म्हणाले, आणि मी तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तुम्ही असं का केलंत? ते म्हणाले, “या घरात एक तरी माणूस असं असू दे, ज्याच्यावर तो चिडलेला नाही. मी म्हातारा आहे. तू राहा.” मग म्हणाले, “याबद्दल पुन्हा बोलायचं नाही.” आणि बोललेच नाहीत. शेवटच्या आजारातसुद्धा नाही. मी दोनदा विषय काढला, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तू त्यांच्या अंत्यविधीला येणार नाहीस म्हणून तार केलीस, ती मी वाचली आणि घडी करून ठेवली. तेव्हाही सांगता आलं असतं.

तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू चौदापाशी का अडत होतास. आम्ही तुला वेडा समजलो होतो. तू मुलांना वाचवत होतास.

निवेदनात मी सगळं लिहिलंय, फोनसुद्धा. ते द्यायचं की फाडायचं, तू ठरव.

आयली

---

अल्डर क्रीक
२० नोव्हेंबर २०१५

रेनो,

मिळालं का, एवढंच कळव. शिव्या दे, पण कळव.

कॅरनला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं की तिला सगळं माहीत आहे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, मला थंडी आठवत नाही. तो आम्हाला मोजत होता आणि रडत होता, एवढंच आठवतं. मला वाटायचं मी हलले म्हणून तो रडतोय.”

तिने तुझा पत्ता माझ्याकडून लिहून घेतलाय. लिहील की नाही माहीत नाही, मी विचारत नाही.

आयली

---

वेनाची
१७ जानेवारी २०१६

आयली,

मिळालं होतं.

निवेदन सप्टेंबरातच दिलं. डेल्गाडोला मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मला ते कोणासमोर तरी वाचायचं होतं. धाप लागून तीनदा थांबलो. ती म्हणाली, बसचा भाग जपून मांडता येईल, मुलीच्या बोटांचा भाग गाळताही येईल. मी म्हटलं, काही गाळायचं नाही.

कॅरनचं पत्र आलं होतं. तिला मी उत्तर दिलंय. ते आमच्या दोघांतलं आहे.

फोनचं समजू शकतो. मी तुझ्या जागी असतो तर बंदूकच घेतली असती. बेड्या मला मिळायलाच हव्या होत्या, डॉक्टरही मिळायला हवा होता. त्यातलं एकच मिळालं, त्यात तुझा दोष नाही.

बाबांचं मला समजत नाही. १९७१ ते ७४ त्यांची तीन पत्रं आली. मी एकही फोडलं नाही. पहिल्या दोन पाकिटांवर ‘परत’ लिहिलं. तिसऱ्या वेळी पोस्टमनला सांगितलं की या नावाचा माणूस इथे राहत नाही. बारा वर्षं तो माणूस जिवंत होता, आयली. तुला तीन पावलं होती म्हणतेस. मग बारा वर्षं होती. मग आणखी बत्तीस.

त्यांच्याबद्दल मी प्रत्येक दारूच्या गुत्त्यात काय काय बोललोय ते तुला माहीत नाही. ते कोणाला परत सांगू?

आता काही दिवस लिहू नकोस.

रेनो

---

अल्डर क्रीक
२८ मार्च २०१६

रेनो,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितेय. दहा आठवडे थांबले.

ती तीन पत्रं माझ्याकडे आहेत. परत आली ती बाबांनी त्यांच्या कपाटात ठेवली होती. त्यांच्यानंतर मी ठेवली. तिन्ही बंद आहेत. मी उघडली नाहीत, यावर तू विश्वास ठेवशील की नाही मला माहीत नाही, पण नाही उघडली.

तुला पाठवू का? नोंदणी करून पाठवते, हरवणार नाहीत. आणि बर्फ वितळला की मी बाबांच्या थडग्यावर जाते दरवर्षी, या वेळी तुझ्या नावानेही फुलं ठेवू का? तू म्हणशील ते त्यांना सांगेन.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण एवढं मला करू दे.

आयली

---

वेनाची
६ जून २०१६

आयली,

मंडळाचं पत्र आलं. माझी तब्येत बघून त्यांनी निकाल लवकर दिला म्हणे, नाहीतर दोन वर्षं लागतात. अर्ज मंजूर केला. नव्या दाखल्यावर ‘सन्मानपूर्वक मुक्त’ असं लिहिलंय. कारणात एक ओळ आहे: ‘अर्जदाराच्या बहिणीने स्वतःच्या प्रतिष्ठेची पर्वा न करता दिलेली साक्ष मंडळाला विश्वासार्ह वाटते.’ डेल्गाडो रडली. मी तिला म्हटलं, तू अजून लहान आहेस, रडण्याजोग्या पुष्कळ गोष्टी पुढे येतील.

सैनिकांच्या दवाखान्यात गेलो. या वेळी मला आत घेतलं. तपासण्या झाल्या. तिथला डॉक्टर भला माणूस आहे, त्याने स्पष्ट सांगितलं. दीड वर्षापूर्वी आला असतात तर काही करता आलं असतं. आता दुखणं कमी करण्याची औषधं देतात. ती चांगली आहेत. दवाखान्याची गाडी प्राणवायूच्या नळ्या घरी आणून देते आणि ड्रायव्हर मला ‘सर’ म्हणतो. पहिल्या दिवशी मी मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतोय म्हणून.

आता तुझं.

पत्रं पाठवू नकोस. फुलंही ठेवू नकोस माझ्या नावाने. आणि बाबांना माझ्या वतीने काहीही सांगू नकोस. त्यांच्या आणि माझ्या मधला निरोप तू पंचेचाळीस वर्षं अडवून धरलास, आता तू तो पोचवायचा नाहीस. हे रागाने लिहीत नाहीये. राग आहे, पण हे त्यापोटी लिहीत नाहीये.

डॉक्टर म्हणतात प्रवास करू नका. ओळखीचा एक ट्रकवाला सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या घेऊन येत्या सोमवारी डुलुथला निघतोय, त्याच्या गाडीत मागे झोपायला जागा आहे. नळ्या मावतात का ते आम्ही काल बघून घेतलं. मावतात. डुलुथहून पुढे कॅरन नेणार आहे. तिने स्वतःच लिहिलं तसं, मी मागितलं नव्हतं. तू तिच्याबरोबर येऊ नकोस.

मी आधी दफनभूमीत उतरणार आहे. ती तीन पत्रं कॅरनजवळ देऊन ठेव. तिथे थोडा वेळ एकटा बसेन. किती वेळ लागेल सांगता येत नाही, हल्ली वाचायलाही दम लागतो.

मग घरी येईन. तुझ्याशी काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही. कदाचित काहीच बोलणार नाही. पण येईन.

रेनो